सोंगाचा आडोसा

‘स्टील पँथर’ या लॉस एंजेलिसच्या वादकमंडळाचा जलसा नुकताच आम्हीं पाहिला. १९८० नंतरच्या दशकांत त्याच परिसरीं सन्सेट स्ट्रिप रस्त्यावर ‘ग्लॅम मेटल’ नांवाचा पंथ भरभराटला होता: फुगविलेले केस, रंगविलेले ओठ, घट्ट भडक विजारी आणि कर्कश गिटारींवर विलासाचीं गाणीं. १९९१ नंतर सिॲटलच्या ग्रंज संगीतापुढें तो ओसरला. त्याचीच ही मंडळी थट्टा करितात. २००९ चा ‘फील द स्टील’ हा त्यांचा गीतसंग्रह त्याच थाटाचा आहे.

आरंभीं न्यूयॉर्कच्या ‘किस’ची नक्कल करणारें एक मंडळ आलें. तोंडास पांढरा-काळा रंग, वीतभर टाचांचे जोडे. गाणीं उसनीं, चेहरेही उसने. पण उसनवारी उघड असल्यामुळें त्यांत लबाडी नव्हती. (त्या टाचांवर तोल सांभाळून वाजविणें ही साधना सामान्य नव्हे!)

मुख्य मंडळाची गोष्ट निराळी. स्त्रियांविषयीं जे उद्गार भल्या माणसानें काढूं नयेत, ते हे मूर्खाचें सोंग घेऊन गातात. आपण त्या मूर्खास हंसावयाचें, असा मूक करार. परंतु वादन कांहीं सोंगाचें नसतें. तें अस्सल असतें, आणि त्या सफाईनें मोहून श्रोते तेच शब्द मुठी उंचावून म्हणूं लागतात. मग मूर्ख कोणता आणि आपण कोण, हा भेद कोठें राहिला? शेजारची एक तरुणी आमच्याहून मोकळेपणीं हंसत होती. तिच्या हंसण्याच्या आधारें आम्हीं सुटूं पाहिलें; पण तें हंसणें तिचें होतें. आम्ही हंसलों तें कडवें पुरतें कळण्याआधींच.