दोषाचा शोध

यंत्र बिघडलें म्हणजे दोष कोणाच्या माथीं मारावयाचा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ मिस्त्रीचा वाटतो. परंतु किंचित् विचार केला असतां तो न्यायाधीशाचा, शिक्षकाचा व घरांतील वडीलधाऱ्यांचाही आहे, असें दिसून येईल. आम्हांस हें उमगलें तें एका जुन्या डीझेल मोटारीमुळें.

ही मोटार टर्बोचार्जरची. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट घेतलें, तिचें सार एवढेंच कीं, एंजिनांतून वायां जाणाऱ्या धुरानें एक चक्र फिरवावें, व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरावी. हवा अधिक, म्हणून जळण अधिक, म्हणून शक्ति अधिक. गेल्या पावसाळ्यांत खंबाटकीचा घाट चढतांना आमची गाडी धापा टाकूं लागली व मागें काळा धूर सोडूं लागली. पहिल्या मिस्त्रीनें संगणक जोडला, हवेचा दाब कमी असल्याचें वाचलें, आणि निकाल दिला : "टर्बो गेला, नवा बसवा."

दुसरा मिस्त्री वयस्क होता. त्यानें प्रथम साक्षीदारच तपासला. निराळा दाबमापक जोडून दाब खरोखर कमी आहे ना, हें पाहिलें. मग टर्बोचा दांडा बोटांनीं हालवून पाहिला. तो सैल नव्हता, पातीं शाबूत होतीं. नंतर हवेच्या मार्गाचें तोंड बंद करून त्यांत बेताचा दाब भरला व रबरी नळ्यांवर साबणाचें पाणी सोडलें. इंटरकूलरजवळच्या नळीवर बुडबुडे उठले. तेलानें मऊ पडलेली ती नळी खालच्या अंगास चिरली होती. गाडी उभी असतां चिरेचे ओठ मिटलेले असत. दाब आला म्हणजेच ते उघडत. "टर्बो चांगला आहे, सर. त्यानें भरलेली हवा वाटेंतच गळते," एवढेंच तो बोलला.

येथें एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. नवा टर्बो बसवितांना ती नळी काढावी लागली असती व बहुधा बदललीही गेली असती. गाडी सुधारली असती, आणि टर्बोच दोषी होता असें आम्ही जन्मभर मानलें असतें. तेव्हां उपाय लागू पडला, एवढ्यावरून निदान खरें ठरत नाहीं.

शिवाय, दाब कमी असणें हा प्रत्येक वेळीं दोषच असतो असेंही नाहीं. साब कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत आपल्या पेट्रोल गाड्यांत एक योजना आणली होती. हलक्या इंधनामुळें एंजिन ठोके देऊं लागलें कीं, ती दाब आपण होऊन उतरवी. तेथें जी दुर्बलता दिसे, तो वस्तुतः संयम होता.

हें सर्व ऐकतांना आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवला. दुसऱ्या वर्षीं त्याचे गुण एकाएकीं घसरले. आम्हीं गुणपत्रक वाचलें, 'आळशी' असा निकाल केला, व शिष्यवृत्तीसाठीं त्याची शिफारस केली नाहीं. वडील अंथरुणास खिळल्यानें तो रात्रपाळीस छापखान्यांत जात असे, हें पुढें कळलें. वर्गांत तो शांत बसे. चीर दिसत नव्हती. आम्हीं विचारलेंही नव्हतें.

याचा अर्थ टर्बो कधींच बिघडत नाहीं, किंवा विद्यार्थी कधींच आळशी नसतो, असा नव्हे. त्या वृद्ध मिस्त्रीनें टर्बोलाही तपासल्यावांचून सोडलें नाहीं. आमचें म्हणणें दयेविषयीं नसून क्रमाविषयीं आहे. ज्या परीक्षेनें कोणाचें नुकसान होत नाहीं ती अगोदर, आणि जो निर्णय परत फिरवितां येत नाहीं तो सर्वांच्या शेवटीं, हा क्रम पाळणें हें आमच्या मतें केवळ कसब नव्हे, तें कर्तव्य आहे. नळी दुसऱ्या दिवशीं बदलून मिळाली. ती शिफारस मात्र आतां कोणत्याही तारखेस लिहितां येत नाहीं.