जनरल क्रुकचा शब्द

१८७९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोंका या मूळ रहिवासी जमातीचा प्रमुख स्टँडिंग बेअर ऐन कडाक्याच्या थंडीत उत्तरेकडे निघाला. बरोबर तीसेक माणसं आणि मुलाच्या अस्थी. नायोब्रारा नदीकाठी, आपल्या पूर्वजांच्या भूमीत मला पुरा, असं मुलानं मरताना मागितलं होतं. दोन वर्षांपूर्वी सरकारनं या जमातीला तिथून उठवून दक्षिणेला नेलं होतं आणि तिथं आजारानं घरंच्या घरं बसली. वाटेत, नेब्रास्कात, या मंडळींना अटक झाली. अटकेचा हुकूम अमलात आणणारा अधिकारी होता जनरल जॉर्ज क्रुक.

क्रुकनं हुकूम पाळला आणि मग ओमाहातल्या टिबल्स नावाच्या पत्रकाराच्या कानावर सगळी हकीकत घातली. बातमी फुटली, वकील उभे राहिले, हेबियस कॉर्पसचा अर्ज दाखल झाला. प्रतिवादी खुद्द क्रुक! १२ मे रोजी न्यायमूर्ती डंडी यांनी निकाल दिला: कायद्याच्या दृष्टीनं इंडियन ही 'व्यक्ती' आहे. स्टँडिंग बेअर सुटला आणि मुलाला नायोब्राराच्या काठी मूठमाती मिळाली.

एवढ्यावरून क्रुकला 'दयाळू सेनानी' म्हणायला माझं मन धजत नाही. १८७२-७३ च्या हिवाळ्यात ॲरिझोनात त्यानं अपाची जमातींचा असा पाठलाग केला, की त्यांना ना निवारा उरला, ना साठवलेलं धान्य. गाड्या पोचत नाहीत तिथं खेचरांचे तांडे नेले. वाट काढायला अपाचीच नेमले. अपाचीला अपाचीच शोधू शकतो, हे त्याचं सूत्र होतं. ते चाललं, कारण क्रुकचा शब्द खाली पडत नाही, असा त्या माणसांचा विश्वास होता. म्हणजे त्याचा प्रामाणिकपणासुद्धा त्या मोहिमेच्या कामी आला. मला सर्वांत जास्त हेच सलतं.

मार्च १८८६ मध्ये चिरिकाहुआ अपाचींचा लढवय्या जेरोनिमो क्रुकपुढं शरण आला. दोन वर्षं पूर्वेकडे राहायचं, मग घरी परतायचं, असं ठरलं. वॉशिंग्टननं ही अट धुडकावली. जेरोनिमोही मूठभर माणसांनिशी रातोरात निसटला. क्रुकनं पद सोडलं आणि त्याच्या जागी जनरल माइल्स आला. सप्टेंबरात जेरोनिमोनं पुन्हा शस्त्रं ठेवली, ती कायीता आणि मार्टीन या दोन अपाची वाटाड्यांनी डोंगरात जाऊन त्याची समजूत घातल्यावर. सरकारनं कैदी म्हणून फ्लोरिडाला धाडलेल्यांत हे दोघेही होते. वर्षानुवर्षं सैन्याची चाकरी केलेले इतर चिरिकाहुआ वाटाडेही त्यातून सुटले नाहीत.

क्रुकची नियत दोन्ही वेळा साफ होती, असं मी मानतो. पण ओमाहात त्यानं प्रश्न न्यायालयाच्या हाती जाऊ दिला. स्टँडिंग बेअरच्या बाजूनं तिथं लेखी निकाल होता, आणि तो सैन्यालाही मानावा लागला. वाटाड्यांच्या हाती मात्र एका माणसाचा शब्द होता आणि त्या माणसाची खुर्ची गेल्यावर तो विचारात घेण्याची कुणाला गरज वाटली नाही. राज्याच्या वतीनं शब्द देणाऱ्यानं तो कुठं नोंदला जाईल, हे आधी पाहायला हवं होतं.

पुढं क्रुकनं या कैदी चिरिकाहुआंसाठी वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले. १८९० च्या जानेवारीत तो, फ्लोरिडातून त्यांना हलवलं होतं त्या अलाबामातल्या छावणीत गेला, जुन्या वाटाड्यांना भेटला. मार्चमध्ये शिकागोत तो वारला. चिरिकाहुआंची कैद १९१३ साली संपली.