माशी, मासा आणि माणूस

सुखांची वर्गवारी करताना आपण एक सोपी युक्ती वापरतो. शहरात, गर्दीत आणि पैशाने मिळणारे सुख आपल्याला संशयास्पद वाटते. खेड्यात, नदीकाठी, एकट्याने भोगलेले सुख मात्र आपण न तपासताच निष्पाप ठरवून मोकळे होतो. या दुसऱ्या पंक्तीत इंग्रजांनी ज्या छंदाला पहिले पान वाढले, तो म्हणजे कृत्रिम माशी दाखवून मासा धरण्याचा. त्याला निष्पाप म्हणता येईल काय?

या छंदाचा धर्मग्रंथ १६५३ सालचा. आयझॅक वॉल्टन या लंडनच्या दुकानदाराने तो लिहिला, तेव्हा इंग्लंडने आपल्या राजाचा शिरच्छेद केल्याला चारच वर्षे झाली होती. वॉल्टन मनाने राजपक्षाचा, म्हणजे हरलेल्यांपैकी. अशा दिवसांत त्याने नदीकाठची कुरणे, गवळणींची गाणी आणि खाणावळीतली संध्याकाळ यांचे चित्र रंगवले. वाचकांनी त्यात मासेमारीपेक्षा मनःशांतीचेच शास्त्र अधिक वाचले. पुढे बायरनने मात्र ‘डॉन जुआन’मध्ये या शांत म्हाताऱ्याला क्रूर ठरवले आणि त्याच्याच घशात गळ अडकलेला पाहण्याची इच्छा व्यक्त केली. बोलणे खवचट खरे. पण खवचटपणे विचारला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

आपल्या भाषेने तर हा निवाडा केव्हाच केला आहे. ‘आमिष दाखवणे’, ‘गळ टाकणे’, ‘गळाला लागणे’ हे आपले सारे वाक्प्रचार फसवणुकीचे. आपल्या संतांना मासोळी आठवली ती पाण्यावाचून तळमळणारी. गळ धरून बसलेला माणूस इंग्रजीत शांतीचे प्रतीक झाला. मराठीत तो लबाडच राहिला.

तरीही या छंदाची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे. हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकात झिरपलेल्या पाण्यावर वाहतात. म्हणून त्यांचे पाणी काचेसारखे स्वच्छ. उन्हाळ्यात ते फारसे तापत नाही, हिवाळ्यात फारसे गारठत नाही. तिथल्या मे-फ्लाय नावाच्या किड्याचे बालपण तळाच्या गाळात सुमारे दोन वर्षे चालते. पंख फुटल्यावर त्याचे तोंड निकामी होते. न खाता-पिता एखाद-दोन दिवस उडायचे, वीण करायची आणि पाण्यावर पडून मरायचे. त्याच्यासाठी ट्राउट मासा वर येतो. पिसे आणि रेशमी दोरा इवल्याशा गळावर गुंडाळून माणूस त्या किड्याची नक्कल करतो आणि ती माशापुढे अलगद उतरवतो. त्यासाठी वाऱ्याचा रोख, प्रकाशाचा कल आणि आज पाण्यावर कोणता किडा निघाला आहे, हे सारे ठाऊक असावे लागते. नदीकाठी नुसता फिरायला येणारा यांतले काहीच पाहत नाही. काहीतरी हवे असल्याखेरीज माणसाचा डोळा उघडत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

या प्रेमाचा नद्यांना लाभही झाला. १९४८ साली इंग्लंडमधल्या गळकऱ्यांनी प्रदूषणाविरुद्ध लढणारी एक सहकारी संघटना उभारली. १९५३ साली डर्बीच्या मासेमारांनी नदी नासवल्याबद्दल नगरपालिका, कृत्रिम धाग्याचा कारखाना आणि वीजमंडळ या तिघांविरुद्धचा दावा वरिष्ठ न्यायालयातही जिंकला. नदीवर कविता करणारे पुष्कळ होते. न्यायालयात गेले ते गळवाले.

परंतु प्रेमाचे हे दाखले जखमेचा हिशेब फेडत नाहीत. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजेची जाणीव टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. मासा ती वेदना आपल्यासारखी भोगतो की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण जिथे शंका आहे, तिथे शंकेचा फायदा कोणाला द्यायचा? ज्याची करमणूक होते त्याला, की ज्याच्या ओठात गळ रुततो त्याला?

‘आम्ही मासा मारत नाही, सोडून देतो,’ असे यावर उत्तर येते. मासा एकदाच धरला जावा इतका तो स्वस्त नाही, हा विचार अमेरिकेत ली वुल्फ यांनी १९३९ साली मांडला आणि त्यामुळे अनेक नद्यांतले मासे वाचले, हे मान्यच करावे लागेल. पण नीतीच्या काट्यावर हे उत्तर उलटे पडते. कोकणातला पोरगा खाडीवर गरी टाकून बसतो. त्याला लागलेला मासा संध्याकाळी कालवणात असतो. त्याच्या कृत्याला भुकेचे कारण आहे. सोडून देणाऱ्यापाशी सुखाखेरीज कारणच उरत नाही. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमावलीत सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरणे निषिद्ध केले, ते याच तर्काने. आपल्याला दया वाटते ते सोडणे. स्विस कायद्याला तोच विनाकारण छळ वाटला.

मग हा छंद टाकावा काय? एडवर्ड ग्रे यांचे उदाहरण मला इथे उद्बोधक वाटते. १९०५ ते १९१६ या काळात ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. इचेनकाठच्या लहानशा झोपडीवजा घरात त्यांचे खरे सुख होते, आणि या छंदावर त्यांनी १८९९ साली पुस्तकही लिहिले होते. पुढे त्यांची दृष्टी मंदावत गेली. पाण्यावरची बारीक माशी ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी हा खेळ संपतो. पण १९२७ साली त्याच ग्रे यांचे पुस्तक निघाले ते पक्ष्यांवर, आणि त्यात पक्ष्यांच्या गाण्याला मोठे स्थान आहे. तेच काठ, त्याच पहाटा. फक्त हातात गळ नव्हता. अनेक वर्षे काठावर थांबून जे लक्ष देणे अंगी मुरले होते, ते गळावाचूनही टिकले.

मला वाटते, उत्तर याच दिशेला आहे. हव्यास माणसाला नदीपर्यंत आणतो, त्याला पाहायला शिकवतो. त्याबद्दल त्याचे ऋण मानावे. पण डोळा तयार झाल्यावरही जो हव्यासाचीच काठी धरून चालतो, तो शिकला काय? काही जुने गळकरी आपल्या गळाचे टोकच कापून टाकतात, असे वाचनात येते. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो आणि सोडून देतो. एवढे पाहून ते तृप्त होतात. फसवणूक तिथेही उरतेच, पण जखम उरत नाही. निसर्गाच्या सान्निध्यातले आपले कोणतेही सुख तपासायला ही कसोटी पुरेशी आहे: त्याचे टोक कापून पाहावे, तरीही जे उरते तेवढेच आपले निष्पाप सुख.