डोंगर ऐकणाऱ्याचे देणे

माझा भाचा पुण्याला शिकतो. सुट्टीत चिपळूणला आला की पडवीत कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बसलेला असतो. गेल्या पावसाळ्यात मी त्याला विचारले, "काय ऐकतोस रे एवढं?"

"डोंगर ऐकतोय, मामू," असे म्हणून त्याने हेडफोन माझ्या कानांना लावला.

शब्द एकही कळेना. गिटारींचा दाट, ओला आवाज आणि त्यात बुडालेला माणसाचा स्वर. धुक्यापलीकडून कोणी हाक मारावी तसा. ही भाषा कोणती म्हणून विचारले, तर म्हणाला, "कुठलीच नाही."

या जातीच्या संगीताला 'शूगेझ' म्हणतात. 1990च्या आसपास ब्रिटनमधल्या संगीत-साप्ताहिकांनी चेष्टेने दिलेले हे नाव. वादक श्रोत्यांकडे न पाहता आपल्या पायांशी मांडलेल्या पेडलांकडे पाहत वाजवीत, म्हणून 'बुटांकडे टक लावणारे'. 'ड्रीमपॉप' हे त्याचेच मवाळ भावंड. त्या पेडलांचे एक काम आवाजाला दरी देण्याचे असते. आपण दरीत हाक मारली आणि समोरचा कडा 170 मीटरांवर असला, तर हाक साधारण एका सेकंदाने परत येते. डिले आणि रिव्हर्ब ही उपकरणे तेच बंद खोलीत, विजेवर घडवून आणतात. तेव्हा हे संगीत ऐकून डोंगर आठवतो तो केवळ कविकल्पनेने नव्हे.

पण मग हा डोंगर खोटा म्हणायचा का? 'स्लोडाइव्ह' हा या पंथातला नामांकित समूह टेम्सकाठच्या रेडिंग शहरातला. तिथे कसला कडा आणि कसली दरी! 'कॉक्टो ट्विन्स' स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथचे. 2025 पर्यंत तेलशुद्धीकरणाच्या धुराड्यांसाठीच ओळखले जाणारे हे गाव. तिथल्या मुलांनी 1986 साली आपल्या ध्वनिमुद्रिकेला नाव दिले 'व्हिक्टोरियालँड'. अंटार्क्टिकातल्या एका बर्फाळ प्रदेशाचे. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. धुराड्याखाली राहणाऱ्याला बर्फाची ओढ असणे यात खोटे काय?

माझी अडचण वेगळी आहे. दुरून डोंगर साजरे, असे आपल्याकडे म्हणतात. हे सगळे संगीत त्या 'दुरून'चेच आहे. दुरून पाहणारा डोंगराकडून सुकून घेतो, हुरहुर घेतो, आणि देत काहीच नाही. ज्याच्यावर आपण जीव लावतो, त्याचे काही देणे आपल्याला लागते की नाही?

भाच्याने ऐकवला तो समूह होता आइसलँडचा 'सिगुर रोस'. काटेकोर बोलणारे त्यांना शूगेझमध्ये धरणार नाहीत, पण गोत्र तेच. त्यांचा गायक चेलोच्या गजाने गिटार वाजवतो आणि पुष्कळदा निरर्थक अक्षरांत गातो. 2006च्या उन्हाळ्यात या मंडळींनी आपल्या देशातल्या गावोगावी विनामूल्य मैफली केल्या. 2007चा 'हेइमा' हा चित्रपट त्या दौऱ्यावरच आहे. त्यातली एक मैफल स्नायफेल पर्वताजवळ, काराह्न्यूकार धरणाला विरोध करणाऱ्यांच्या छावणीत झाली. धरणातून 690 मेगावॉट वीज निघणार होती, ती घरांतल्या दिव्यांसाठी नव्हे, तर पूर्व किनाऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी. त्या छावणीत त्यांनी वीज न वापरता वाजवले. ज्यांचा अवघा आवाज विजेवर उभा, त्यांनी ती बाजूला ठेवली.

धरण अडले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पाणी भरू लागले आणि सुमारे 57 चौरस किलोमीटरचा जलाशय झाला. कोणी म्हणेल, नुसता देखावा. दुसऱ्या गावी पुन्हा तारा जोडल्याच ना? जोडल्या. तरी मला तो देखावा वाटत नाही. इतकी वर्षे डोंगराच्या नावाने आपण जे घेतले त्यात वीजही आहे, हे त्यांनी त्या एका दिवशी स्वतःच्या वाद्यांवर कबूल केले. कबुली दिल्याने कर्ज फिटत नाही, हे खरे. पण जो कर्जच नाकबूल करतो त्याच्याशी पुढे बोलायचे तरी काय?

हे मी चिपळुणात बसून लिहितो आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, वीज करते आणि पुढे आमच्या वाशिष्ठीला मिळते. वर, धरणात गेलेल्या गावांची माणसे घरदार सोडून कुठे कुठे पांगली. त्या खोऱ्यावर लिहिलेल्या कविता मला आवडतात. त्या मी ज्या दिव्याखाली वाचतो, तो दिवा कोणाच्या अंगणावरून आला हे मात्र मी फारसे विचारलेले नाही.

भाच्याला हे सगळे सांगितले, तर तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे ऐकायचं बंद करू, मामू?"

"बंद नको करूस."

"मग?"

मला सांगता येईना. इतक्यात लाइट गेली. पावसाचा आवाज एकदम जवळ आला. अंधारात भाचा हेडफोन हातात धरून, चार्ज किती उरला आहे ते पाहत बसला होता.