संयमाला हमी लागते

पर्यावरणाविषयी आपल्याकडे जो उपदेश होतो, तो बहुतेक वेळा एकट्या माणसाला उद्देशून असतो. नळ बंद ठेवा, कापडी पिशवी वापरा, ओला कचरा वेगळा काढा, एक तरी झाड लावा. यातले काहीही चूक नाही. पण शाळेच्या पुस्तकांतून आणि रंगवलेल्या भिंतींवरून हे सांगत आपण कित्येक वर्षे घालवली, आणि तरीही मार्च उजाडला की गावोगावी टँकरची वाट पाहणे सुरू होते. मग निदान केले जाते की लोकांना मूल्यांची चाड राहिलेली नाही, आधी संस्कार रुजवले पाहिजेत, म्हणजे वागणे आपोआप बदलेल. मला हा क्रमच उलटा वाटतो. महाराष्ट्रात ज्या गावांनी पाणी आणि जंगल राखून दाखवले, तिथे आधी सर्वांना सारखा लागू होणारा नियम आला, चारचौघांत मांडलेला हिशेब आला, आणि मूल्य त्या व्यवहारातून रुजले.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. परिचित असूनही त्यातला नेमका मुद्दा बऱ्याचदा निसटतो. पर्जन्यछायेतले गाव, वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढच्या काही वर्षांत श्रमदान झाले, डोंगरउतारावर समपातळी चर खोदले गेले, बंधारे बांधले गेले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली. भेट देणारे याचेच फोटो काढून नेतात. पण चर आणि बंधारे महाराष्ट्रात शेकडो गावांत झाले आहेत, आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी विहिरींना पाणी वाढताच दोनचार वर्षांत उसाचे क्षेत्र वाढले, विंधन विहिरी वाढल्या आणि गाव पुन्हा होते तिथे येऊन पोचले. हिवरे बाजारचे वेगळेपण पाणी अडवल्यानंतर सुरू होते. शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे गावाने ठरवले. पाऊस किती पडला याची गावातच मोजणी होते, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि पावसाळा सरला की ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, आणि उरेल त्यावर रब्बीची पिके. पाऊस कमी झाला असेल तर त्या वर्षी गहू नाही. हा आकडा कुणा एका अधिकाऱ्याच्या फायलीत नसतो, तो सगळ्यांना ठाऊक असतो. म्हणून गव्हावर पाणी सोडणाऱ्या शेतकऱ्याला आपण एकटेच नुकसानीत गेलो असे वाटण्याचे कारण राहत नाही.

सगळा प्रश्न इथेच आहे. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. मी पंप बंद ठेवला तर वाचलेले पाणी माझ्याच विहिरीत राहील याची खात्री नाही, शेजाऱ्याची मोटर ते ओढून घेऊ शकते. अशा स्थितीत एकट्याचा संयम म्हणजे दुसऱ्याला दिलेली भेट ठरते, आणि अल्पभूधारकाकडे वर्षानुवर्षे तशी भेट देण्याची ऐपत नसते. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली याच तर्काने सामायिक साधनांचा नाश अटळ असल्याचे मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, कालवे आणि मासेमारीची गावे अभ्यासून 1990 साली दाखवून दिले की तो अटळ नाही. लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक दंड करतात, आणि साधन पिढ्यानपिढ्या टिकते. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र नियम टिकायचा तर तो न्याय्य असावा लागतो. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला, त्याचे मोल मला यासाठी फार वाटते. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरात माणसे किती यावर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, एका कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस नाही. ज्याच्याकडे जमीन त्याचे पाणी, हे गृहीत धरून चाललेल्या सिंचन व्यवस्थेला हा मुळातूनच दिलेला नकार होता. लाभधारकांनी खर्चाचा ठरलेला भाग स्वतः उचलायचा होता, म्हणून योजना त्यांना आपली वाटली.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ही सारी करामत असामान्य पुढाऱ्यांची आहे, प्रत्येक गावाला पोपटराव किंवा साळुंखे कुठून मिळणार? नेतृत्वाचे महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा पाहा. तिथे देवाजी तोफा यांचे नाव घेतले जाते, तरी निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. शिवाय गावात अभ्यासगट आहे, जिथे निर्णयाआधी माहिती समजून घेतली जाते. वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही. पुढारी सुरुवात करून देतो. त्यानंतर पद्धत बसली की नाही, हे महत्त्वाचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावाची सहमती म्हणजे पुष्कळदा गावातल्या बळकटांची सहमती. चराईबंदीचा ठराव बागायतदाराला काहीच त्रास देत नाही. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईचा मात्र तो घास काढून घेतो. हे खरे आहे आणि आदर्श गावांच्या गुणगानात ते दडपले जाते. म्हणूनच बंदीबरोबर पर्याय द्यावा लागतो. राखलेल्या डोंगरावरचे गवत विळ्याने कापून भारा नेण्याची मुभा आणि त्यात भूमिहीनांना पहिला हक्क, असे काही नसेल तर तो ठराव लादलेला आहे असेच म्हणावे लागेल. ज्याच्यावर नियमाचा भार सर्वांत जास्त पडतो, त्याचा त्या सभेतला आवाज किती, या एका प्रश्नाने कोणत्याही हरित ठरावाची पारख करता येते.

राहता राहिले शहर. तिथे माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ग्रामसभा नसते, मग हे कसे जमणार, असे विचारले जाते. पण पुण्या-मुंबईतला मोठा मध्यमवर्ग गृहनिर्माण संस्थांत राहतो, आणि सहकार कायद्याने प्रत्येक संस्थेला सर्वसाधारण सभा दिलेली आहे. अनेक सोसायट्यांत पाण्याचे बिल, टँकरच्या खर्चासह, सदनिकांवर सारखे वाटले जाते. दोन बादल्यांत भागवणारे वृद्ध जोडपे आणि रोज पाइप लावून गाडी धुणारे घर यांची वर्गणी एकच. इथे काटकसरीचे फलक लावून काय साधणार? प्रत्येक सदनिकेला मीटर बसवा, वापराचा तक्ता दर महिन्याला सूचना फलकावर लावा, आणि शेजारी शेजाऱ्याशी पाण्याबद्दल बोलू लागेल. तीच गोष्ट कचऱ्याची. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून घरोघरचा कचरा गोळा करते. दारात येणाऱ्या कामगार बाईला मिसळलेल्या कचऱ्यात हात घालावा लागतो हे डोळ्यांसमोर असले, की वर्गीकरणाचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

कारखान्यांचे सांडपाणी, धरणांच्या पाण्याचे वाटप, साखरेचे राजकारण हे सोसायटीच्या सभेत सुटणारे नाही, ते कायद्यानेच सुटेल. परंतु स्वतःच्या इमारतीचा हिशेब उघडा मांडण्याची सवय नसलेले नागरिक सरकारकडे तो हिशेब नेटाने मागतील, असे मला वाटत नाही. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. या वर्षीच्या विषयपत्रिकेवर रंगरंगोटीच्या आधी सदनिकानिहाय पाणीमीटरचा विषय घाला, आणि ज्यांचा त्याला विरोध आहे त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून मगच ठराव करा.