बारावं अंडं

लहान मुलांना ईस्टरची गोष्ट सांगण्यासाठी अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांत एक खेळ रुजला, तो आता वसईतल्या आमच्या घरीही आला आहे. प्लास्टिकची बारा रंगीत अंडी. रोज एक उघडायचं. एकात छोटं गाढव, एकात चांदीची नाणी, पुढे काट्यांचा मुकुट, खिळे, कफनाचं कापड, कबरीवरचा दगड. बारावं अंडं रिकामं. मूल गोंधळून वर बघतं, तेव्हा मोठ्यांनी सांगायचं की येशूची कबरही अशीच रिकामी होती.

मी प्रोग्रॅमर आहे. ‘डबा रिकामा आहे’ आणि ‘डबाच नाही’ या आमच्या कोडमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. त्यांची गल्लत झाली की प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून हे अंडं मला आवडतं. अकराच अंडी दिली असती, तर रिकामेपण दिसलंच नसतं.

पण गेल्या वर्षी ईस्टरच्या थोडं आधी माझे वडील गेले. सहा वर्षांच्या पुतणीने त्यांना पुरताना पाहिलं होतं. बारावं अंडं उघडून तिने विचारलं, “काका, मग आजोबांची कबर कधी रिकामी होणार?”

मूल श्रद्धेची गोष्ट शब्दशः घेतं. अशा वेळी त्याला काय सांगणं प्रामाणिक ठरेल?

एक उत्तर सोपं आहे: हे सगळं प्रतीक आहे, हिवाळ्यानंतर वसंत येतो तसं. मुळात हे रूपक युरोपातलं. २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. तेव्हा वसईत अंगाची काहिली होत असते. शिवाय, दर रविवारी मिस्सामध्ये मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं म्हणणाऱ्या घराने मुलीला ‘ते नुसतं प्रतीक’ असं सांगणं ही लपवाछपवी झाली.

दुसरं उत्तर: हो, आजोबा नक्की उठतील. श्रद्धेला धरून आहे, पण सहा वर्षांची मुलगी ‘तिसऱ्या दिवशी’ ऐकून आलेली असते. ती बोटांवर दिवस मोजेल.

मोठी होईपर्यंत तिला यातलं काही सांगूच नये, असंही कुणी म्हणेल. पण ती दफनाला उभी होती. आपण गप्प राहिलो तर त्या गप्प राहण्यातूनही ती काहीतरी शिकणारच.

शुभवर्तमानं स्वतः इतकी घाई करत नाहीत. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवट होतो तो रिकाम्या कबरीपासून घाबरून पळणाऱ्या बायकांवर. योहानाच्या कथेत मरिया मग्दालिया समोरच्या येशूला माळी समजते. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच असतात. झालेलं मरण ही गोष्ट पुसून टाकत नाही.

चर्चच्या पंचांगातही शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये पवित्र शनिवार आहे. दिवसभर मिस्सा नाही, वेदी उघडी. रात्री बाहेर अग्नी पेटवून त्यावर पास्काची मेणबत्ती लावतात आणि ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात. मुलांच्या खेळांत हा दिवस बहुतेक वेळा गळतो. खिळ्यांवरून आपण थेट मार्झिपानच्या अंड्यांवर येतो. मला वाटतं, बारावं अंडं शनिवारभर बंदच, मुलाच्या नजरेसमोर राहू द्यावं. आत काय आहे हे ठाऊक नसण्याचा एक दिवस त्यालाही मिळावा.

त्या दिवशी वहिनीने पुतणीला जवळ घेतलं आणि म्हणाली, “कधी ते आम्हालाही माहीत नाही गं. आम्हीपण वाट बघतोय.”

‘उठतील’ म्हणणारा मोठा माणूस उत्तर हातात घेऊन मुलासमोर उभा असतो. ‘वाट बघतोय’ म्हणणारा त्याच्या शेजारी येऊन बसतो. माझा विश्वास किती पक्का आहे, हे मला रोज सारख्याच खात्रीने सांगता येणार नाही. पण आशेला आशा म्हणूनच मुलाच्या हाती देणं मला जमेल, आणि ते खोटं नसेल.