पंगतीतलं नियमशास्त्र

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या तीन-चार दिवस आधीच सोरपोतेल शिजतं. डुकराचं मांस, काळीज आणि जुन्या रीतीनं करणाऱ्या घरांत डुकराचं रक्तही. व्हिनेगरमध्ये ते मुरतं, रोज गरम होतं आणि रोज जास्त चवदार लागतं. हे ताट मोशेच्या नियमशास्त्रापुढे धरलं तर त्यात दोन गुन्हे सापडतात. डुक्कर निषिद्ध आणि रक्तही निषिद्ध. डुकराबद्दल कोणीही ख्रिस्ती माणूस चटकन सांगेल की तो नियम यहुद्यांसाठी, आम्हाला नाही. रक्ताबद्दल मात्र हे उत्तर चालत नाही. रक्त खाऊ नका, असं खुद्द प्रेषितांनीच यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांना लेखी कळवलं होतं.

ही गोष्ट साधारण इ.स. 49 ची. येशूला मानणारे पहिले लोक सगळेच यहुदी होते. आपण धर्म सोडला असं त्यांना वाटतच नव्हतं. ते मंदिरात जात, शनिवारचा शब्बाथ पाळत, मुलांची आठव्या दिवशी सुंता करत. पण अंत्युखियासारख्या शहरांत ग्रीक लोक येशूला मानू लागले आणि प्रश्न उभा राहिला: यांनी आधी यहुदी व्हायचं का? पौल आणि बर्णबा हे तिथले प्रचारक हा वाद घेऊन यरुशलेमला गेले. तिथल्या मंडळीचा प्रमुख याकोब यानं जो तोडगा काढला, तो बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 15 व्या अध्यायात आहे. सुंता नको. फक्त चार गोष्टी टाळा: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म.

यादी विचित्र वाटते. चोरी नाही, खोटी साक्ष नाही, आणि गळा दाबलेली कोंबडी आहे! नीतीचं सार म्हणून वाचली तर ती हास्यास्पदच आहे. मला ती पंगतीची अट वाटते. इस्राएलात राहणाऱ्या परक्यांनीही काय पाळायचं, हे ‘लेवीय’च्या सतराव्या-अठराव्या अध्यायांत येतं, आणि त्याच्याशी ही यादी बरीच जुळते. यहुदी माणसाला शेजारी बसून जेवता यावं, यासाठी परक्यानं एवढं तरी सांभाळायचं. त्या पिढीची उपासनाच मुळी एकत्र भाकर मोडण्याची होती. रोटीव्यवहार तुटला की मंडळीही फुटली. आपल्याला हे समजायला भाष्यग्रंथ लागत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना तर ठाऊकच आहे की धर्मांतराचा पेच कधीकधी देवघरापेक्षा पाण्याच्या तांब्यापाशी जास्त घट्ट बसतो.

अंत्युखियात तेच झालं. येशूचा पट्टशिष्य पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, खुशाल जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो बिचकला आणि हळूहळू त्या पंक्तीतून बाजूला झाला. इतर यहुदी ख्रिस्तीही उठले, अगदी बर्णबासुद्धा. पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात त्यानं हे स्वतःच सांगितलंय, आणि लिहितानाही त्याचा राग निवलेला दिसत नाही. पौलानं धर्माला रुक्ष कर्मकांडातून सोडवलं, असं प्रवचनांतून नेहमी ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. इथे त्याचा संताप नियमांवर नाही, पंक्तिभेदावर आहे. करिंथकरांना तो सांगतो की बाजारात मिळणारं मांस चौकशा न करता खा. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्या माणसाच्या मनासाठी खाऊ नका. प्रसाद हातात पडल्यावर घुटमळणारा मराठी ख्रिस्ती माणूस आजही याच परिच्छेदाशी येऊन थांबतो.

पुढे पंगतच मोडली. यहुदी आणि ख्रिस्ती वेगवेगळे जेवू लागले आणि अटीचं कारण उरलं नाही. इ.स. 400 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीन लिहितो, की रक्त न सांडलेला पक्षी खायला कचरणारे थोडेच उरलेत आणि बाकीचे त्यांना हसतात. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मात्र 692 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत रक्त खाण्यावर पुन्हा बंदी घातली. रोमनं 1442 मध्ये, फ्लॉरेन्सच्या परिषदेत, उलट निवाडा दिला: दोन समाज एकत्र यावेत म्हणून तो नियम होता, ते कारण संपलं, नियमही संपला. युक्तिवाद बिनतोड आहे. पण दुसरा समाज पंगतीत का उरला नाही, याचा त्यात उच्चार नाही.

नियम न सोडलेलेही होते. इथिओपियाचं चर्च सुंता करतं, डुक्कर टाळतं आणि रविवारबरोबर शनिवारचाही मान राखतं. 1555 मध्ये गोव्याहून गेलेला एक जेझुइट पाद्री तिथे पोचला. पोर्तुगीजांच्या मते ही सगळी यहुदी खोड होती. सम्राट गलावदेवोस यानं लेखी उत्तर दिलं. शनिवार आम्ही यहुद्यांसारखा पाळत नाही. ते त्या दिवशी पाणी भरत नाहीत, चूल पेटवत नाहीत, आम्ही प्रभुभोजन करतो. सुंता ही देशरीत आहे, जसे हिंदुस्थानातले लोक कान टोचतात! डुक्कर खाणाऱ्याचा आम्हाला तिटकारा नाही, न खाणाऱ्यावर सक्ती नाही. या साऱ्या वादात इतकं सभ्य उत्तर माझ्या वाचनात दुसरं नाही. चार वर्षांनी तो लढाईत मारला गेला.

आणखी एका वर्षानं, 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं. त्याची पहिली नजर होती पोर्तुगालमधून आलेल्या ‘नव्या ख्रिस्त्यां’वर, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या यहुदी घराण्यांवर. कोण डुकराला हात लावत नाही, कोण शनिवारी धुतलेले कपडे घालतं, यावर इन्क्विझिशनचा डोळा असे. सोरपोतेल यासाठी जन्मलं असं मी म्हणणार नाही. ते पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातून आलं. पण यरुशलेमात ताटावरची अट शेजाऱ्याला बसवून घेण्यासाठी होती. गोव्यात त्याच ताटावरून शेजाऱ्याला ओळखून काढू लागले.

गार्सिया द ऑर्ता हा अशाच ‘नव्या ख्रिस्ती’ घराण्यातला वैद्य तीस-पस्तीस वर्षं हिंदुस्थानात राहिला. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या औषधी, मसाले, फळं यांवरचे संवाद आहेत. तो 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशननं जिवंत जाळलं. तोही छुपेपणानं मोशेचं नियमशास्त्र पाळत होता असं ठरवून 1580 मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून काढली, आणि तीही जाळली.